ह्यांच्या कादंबरीतली बायको

निवृत्तीला एक वर्ष उरलं तेव्हा आमच्या ह्यांनी कादंबरी लिहायची ठरवली. सेनगावच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि आपल्या आत एक मोठा लेखक बसलेला आहे, अशी त्यांची पहिल्यापासून खात्री होती. तो बाहेर का येत नव्हता याची कारणं दरवर्षी बदलायची. कधी जनगणना, कधी निवडणुकीची ड्युटी, कधी मी.

लिहायची म्हणते, पण त्यांनी त्यातली एक ओळही हातानं लिहिलेली नाही. त्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाच लागत नाही. म्हणून आधी त्यांनी मोबाईलला सांगून पाहिलं. आता मोबाईलवर बोललं की आपोआप टाईप होतं, असं त्यांना शाळेतल्या एका नव्या बाईंनी दाखवलं होतं. हे अंगणात उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "नायकाच्या नेत्रांतून अश्रू ओघळले." मोबाईलनं लिहिलं, नायकाच्या मित्रांकडून अंडी उकडली. ह्यांनी तीनदा सांगितलं आणि तीनदा अंडीच उकडली. मग ते मोबाईलवर ओरडले. घरात त्यांच्या ओरडण्याला न घाबरणारं पहिलंच कुणीतरी मी पाहिलं.

मग ह्यांनी स्वैपाकघराकडं तोंड करून हाक मारली. "अगं, वही घे."

माझं अक्षर चांगलं आहे. लग्नाच्या वेळी मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पुढचं शिकणं लग्नानंतर बघू, असं ठरलं होतं. लग्नानंतर ह्यांनी बघितलं आणि नको म्हणाले.

इथं एक सांगायला पाहिजे. हे वाईट माणूस नाहीत. दारू नाही, हात उचलणं नाही. गल्लीतल्या बाया मला नशीबवान समजायच्या. फक्त आमच्या घरात जे ठरायचं ते ह्यांचं ह्यांनीच ठरवलेलं असायचं, आणि मला काय वाटतं हेही त्यांना माझ्याआधी माहीत असायचं. साड्या ते आणायचे. माझा रंग निळा आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आईचा फोन आला की स्पीकरवर टाकायचा, असा नियम होता, त्यामुळे मी आणि आई सव्वीस वर्षं एकमेकींना फक्त हवापाणी सांगत आलो. एकदा पोटात दुखायला लागलं म्हणून ते मला हिंगोलीला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी मला विचारलं, कुठं दुखतं. हे म्हणाले, उजव्या बाजूला. दुखत होतं डाव्या बाजूला. मी आठ दिवस उजव्या बाजूच्या गोळ्या खाल्ल्या आणि राहिलंसुद्धा. तेव्हापासून तर त्यांचा स्वतःवरचा विश्वास आणखीच वाढला.

तर, रोज शाळेतून आल्यावर चहा झाला की पाच ते सात आमची कादंबरी चालायची. हे पाठीमागं हात बांधून ओसरीत फेऱ्या मारत सांगायचे, मी खाली बसून लिहायची. दुसऱ्या दिवशी दुपारी, ते शाळेत असताना, मी ते मोठ्या वहीत फेअर करायची. संध्याकाळी मागचं वाचून दाखवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. आपलंच ऐकताना त्यांचा चेहरा देवळात बसल्यासारखा व्हायचा.

कादंबरीचा नायक एक शिक्षक होता. तो एका कोरडवाहू गावात येतो आणि गाव सुधारतो. पाणी नाही, तो पाणी आणतो. भांडणं आहेत, तो मिटवतो. कुणी काही बोललं की तो दीड पान बोलतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याला बायको होती. ती पहिल्या प्रकरणात पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मंद हसली. दुसऱ्या प्रकरणात चहा घेऊन आली आणि मंद हसली. सहावं प्रकरण संपेपर्यंत ती एकोणीस वेळा मंद हसली होती आणि एक शब्द बोलली नव्हती. मला वाटायला लागलं, हिला दाखवून आणायला पाहिजे.

मी एकदा विचारलं. "ही बोलत काहून न्हाई?"

"आदर्श आहे ती," हे म्हणाले. "पुढं लिही."

सातव्या प्रकरणात नायकानं घरी येऊन सांगितलं की उद्या सभा आहे, वीस माणसं जेवायला येतील. ती मंद हसली, असं ह्यांनी सांगितलं. मी तसंच लिहिलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी फेअर करताना माझा हात तिथं थांबला. वीस माणसांचा स्वैपाक मी केलेला आहे. त्या वेळी कुणी हसत नाही, मंद तर नाहीच. मी ती हसल्याचं तसंच ठेवलं आणि पुढं एक शब्द लिहिला. "'वीस?' ती म्हणाली."

लिहिलं आणि घाबरून गेले. खोडावं तर फेअर वही खराब होते. पान फाडावं तर पानांना नंबर टाकलेले. संध्याकाळी वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा मी त्या ओळीवरून उडी मारली. ह्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांना काही कळलं नाही. मी पुढं वाचत राहिले आणि वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं की वहीत एक लिहिता येतं आणि तोंडानं दुसरं वाचता येतं.

त्यानंतर मी काही थांबले नाही. आठव्या प्रकरणात तिनं विचारलं, ही माणसं येणार हे तुम्हाला काल कळलं होतं का आज? नवव्यात नायक गावकऱ्यांना स्वावलंबनावर दीड पान सांगून घरी आला आणि त्यानं टॉवेल मागितला, तेव्हा ती म्हणाली, तुमच्या मागंच दोरीवर आहे. ह्यांनी सांगितलेलं मी काही खोडत नव्हते. नायकाचं दीड पान तसंच्या तसं ठेवायचं आणि खाली तिचं एक वाक्य टाकायचं. नायक पुस्तकातल्यासारखा बोलायचा आणि ही माझ्या माहेरच्या, डोंगरकड्याच्या बायांसारखी, न्हाई आणि व्हय करत. दुपारी मी भाकरी थापतानासुद्धा तिची वाक्यं मोठ्यानं म्हणून बघायला लागले. त्या घरात मोठ्यानं बोललेली माझी ती पहिलीच वाक्यं असतील, आणि तीसुद्धा दुसऱ्या बाईच्या नावावर.

गाडी अडली ती बाराव्या प्रकरणात. नायकाला विहिरीपाशी एकट्यानं बसून विचार करायचा होता, म्हणून ह्यांनी बायकोला एका ओळीत वाटेला लावलं. आई आजारी असल्यानं पत्नी माहेरी गेली. बस. पुढं सात पानं विहीर.

पण ती गेली कशी? तिला गाडीत कुणी बसवलं? मला ते लिहायचं होतं आणि लिहिता येईना, कारण मी स्वतः कधी गेलेच नव्हते. माझं माहेर डोंगरकडा. हे मला मोटरसायकलीवर सोडायचे आणि त्यांनी ठरवलेल्या दिवशी न्यायला यायचे. एकट्या बाईला खिडकीतून काय दिसतं, ते मला ठाऊक नव्हतं. तीन दिवस मी वही उघडून नुसती बसले.

चौथ्या दिवशी ह्यांचं हिंगोलीला प्रशिक्षण होतं, सकाळी लवकर निघायचं आणि यायला सात वाजणार. ते फाट्याला लागले असतील-नसतील तोवर मी घराला कुलूप लावून जीपमध्ये बसले. जीपवाल्यानं काही विचारलं नाही, सेनगावातून सगळे हिंगोलीलाच जातात. हिंगोलीच्या स्टँडवर मात्र मी पदर इतका पुढं ओढला की माझा मलाच फलाट दिसेना, आणि मी दोनदा वाशिमच्या गाडीपाशी जाऊन परत आले. शेवटी नांदेडची गाडी सापडली. कळमनुरीच्या अलीकडं कंडक्टर जवळ आला आणि म्हणाला, "कुठं?"

मी गप्प बसले. मी शेजारी बघितलं. शेजारच्या बाईच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून एक कोंबडी माझ्याकडं बघत होती. कंडक्टरनं पुन्हा विचारलं, मावशी, कुठं? तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की हा मलाच विचारतोय आणि माझ्या जागी बोलायला गाडीत कुणी नाही. "डोंगरकडा," मी म्हणाले, इतक्या जोरात की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. त्यानं शांतपणे अर्धं तिकीट फाडून दिलं. बायांना अर्धं असतं हेही मला तेव्हाच कळलं.

आई दारात शेंगा फोडत बसली होती. मला एकटीला बघून तिचा हात तसाच राहिला. तिनं माझ्या मागं रस्त्यावर बघितलं, मोटरसायकल शोधली.

"काढून दिलं का तुला?" तिनं विचारलं.

"न्हाई. मीच आले. पाऊण तासानं जाते."

"काहून आलीस मग?"

कादंबरीसाठी आले म्हणावं तर ती घाबरली असती. ती मग म्हणाली, जेव आधी. आम्ही जेवलो, आणि स्पीकर नसताना काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना. निघायच्या वेळी मात्र तिनं एकदम विचारलं, तुझं पोटाचं दुखणं राहिलं का गं, ते डावीकडचं? मी तिला फोनवर डावीकडचं कधीच सांगितलं नव्हतं. लहानपणापासून तिथंच दुखतं, तिला माहीत होतं. मला रडू आलं, पण गाडीची वेळ झाली होती.

हे सातला आले तेव्हा मी कुकर लावत होते. दिवसभर काय केलंस, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कादंबरीचं काम. ते खूश झाले.

बाराव्या प्रकरणात माझी अकरा पानं गेली. विहिरीपेक्षा चार जास्त.

हिंगोलीच्या एका मुलीनं ती वही टाईप केली. प्रुफं आली तेव्हा हे म्हणाले, ऱ्हस्व-दीर्घ तू बघ, मी आशय बघतो. आशय त्यांचा तोंडपाठ होता, म्हणून त्यांनी प्रुफं उघडली नाहीत. मलपृष्ठावरच्या फोटोसाठी मात्र चार वेळा स्टुडिओत गेले. शेवटच्या फोटोत ते हनुवटीला हात लावून लांब कुठंतरी बघत होते. फोटोग्राफरनं त्या बाजूला कॅलेंडर लावलेलं होतं.

प्रकाशन सेनगावच्याच मंगल कार्यालयात झालं. स्टेजवर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, एक माजी सभापती आणि पाहुण्या म्हणून हिंगोलीच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई. पहिल्या तिघांनी पुस्तक न वाचता कौतुक केलं आणि त्यांचं काही चुकलं नाही. बाईंनी वाचलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की नायकाची भाषणं वाचताना मला शाळेतला परिपाठ आठवला. हे हसले, त्यांना ते कौतुक वाटलं. मग बाई म्हणाल्या, पण ही बायको! आणि त्यांनी बारावं प्रकरण उघडलं.

मी तिसऱ्या रांगेत होते. बाई वाचत होत्या. नायक म्हणतो, माहेरी जायचं तर मला आधी विचारायचं होतंस. आणि ती दारात पिशवी घेऊन उभी राहून म्हणते, "इचारायला न्हाई आले, सांगायला आले. तुमी गाव सुधारा, मी आईला बघून येते. भाकरी टोपल्यात हायेत."

कार्यालयातल्या बाया हसल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. ह्यांनी आपल्या हातातलं पुस्तक उघडलं, घाईघाईनं पानं उलटली, थांबले, चष्मा वर केला, परत वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला तिसऱ्या रांगेतून दिसल्या. बाई म्हणाल्या, एका पुरुषाला बाईचं मन इतकं कसं कळलं, हे लेखकांनी सांगावं.

हे माईकपाशी गेले. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांसमोर माझं नाव घेतात. त्यांनी घसा साफ केला.

"बारावं प्रकरण लिहिताना," ते म्हणाले, "माझे डोळे भरून आले होते."

मी हसले. मंद नाही, चांगलंच. तोंडाला पदर लावून खोकल्याचं नाटक केलं तर शेजारच्या बाईनं मला पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर ते दोन दिवस ओसरीत बसून स्वतःची कादंबरी पहिल्यांदा वाचत होते. मी आतून भांड्यांचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. माझ्यात काही मोठं धैर्य आलं होतं असं नाही. त्या दोन दिवसांत मी त्यांच्या आवडीची भरली वांगी तीनदा केली. तिसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन स्वैपाकघराच्या दारात आले.

"हे काय आहे?"

"तुमची कादंबरी."

"मी असं सांगितलं नव्हतं."

"तुमी सांगितलेलं सगळं हाय त्यात. मी काई खोडलं न्हाई."

ओरडावं तर गल्लीला कळणार, आणि पुस्तकं तर वाटून झाली होती. शेवटी त्यांनी आज्ञा दिली की हे कुणाला सांगायचं नाही. मी मान डोलावली. सव्वीस वर्षांची सवय, मान आपोआप डोलते.

महिन्याभरानं जवळच्या साखरा गावातल्या बचत गटाच्या बायांनी लेखकाला बोलावलं. त्यांनी पुस्तक एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं करून संपवलं होतं. हे मोटरसायकलीवरून निघाले, मी मागं पुस्तकांची पिशवी धरून. समाजमंदिरात बाया सतरंजीवर बसल्या होत्या. ह्यांनी नायकाविषयी अर्धा तास सांगितलं. मग शेजारच्या तांड्यावरून आलेल्या एका म्हातारीनं हात वर केला. तिनं विचारलं, ती बाई एस्टीत बसल्यावर कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, तेव्हा गप्प का बसली?

हे म्हणाले, ते प्रतीक आहे. म्हातारी म्हणाली, कशाचं? हे म्हणाले, स्त्रीच्या मौनाचं. म्हातारीनं विचार केला आणि म्हणाली, म्हंजी तिला आपल्या गावाचं नाव ठावकं नव्हतं? बाया हसायला लागल्या. ह्यांनी पुस्तक उघडलं, पान सापडेना. मानेवरचा घाम पुसला.

मी उभी राहिले. का, ते अजून नीट सांगता येत नाही. त्यांची फजिती बघवली नाही, हे खरं. आणि माझ्या बाईविषयी कुणी चुकीचं सांगतंय हे सहन झालं नाही, हेही खरं.

"गाव ठावकं होतं तिला," मी म्हणाले. "पण तिला आजवर कुणी इचारलंच नव्हतं. तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाला इचारून राहिले."

म्हातारीनं माझ्याकडं नीट बघितलं.

"तुला कसं म्हाईत?"

"मी लिव्हलंय ते."

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. म्हातारीनं फक्त मान हलवली आणि शेजारणीला म्हणाली, मला वाटलंच, गुरुजीला एस्टीतलं काय म्हाईत, ते फटफटीवर फिरतेत. मग सगळ्या मिळून हसल्या आणि चहा आला. ह्यांनीही घेतला. दुसरं काय करणार.

साखऱ्याहून सेनगावपर्यंत ते बोलले नाहीत, आणि पुढं आठ दिवस बोलले नाहीत. ही शिक्षा आहे, असं त्यांना वाटत होतं. काही सांगायचं असलं की ते चिठ्ठी लिहून स्वैपाकाच्या ओट्यावर ठेवायचे. चिठ्ठी मला लागायची नाही. बाजारातून भेंडी आण असं होतं का भांडी घास असं होतं, देव जाणे. मग मी मला वाटेल ते करायची. त्या आठ दिवसांत मी दोनदा माझ्या आवडीचं कारलं केलं, आईला फोन लावून स्पीकरशिवाय बोलले आणि अबोली रंगाची एक साडी घेतली. निळा माझा रंग नाहीच.

नवव्या दिवशी ते जेवताना बोलले. वर न बघता.

"ते विहिरीचं प्रकरण. तुला कंटाळवाणं वाटलं का?"

मला काय वाटतं, हे त्यांनी विचारल्याची माझ्या आठवणीतली ती पहिली वेळ. खोटं बोलायची वेळ ती नव्हती.

"वाटलं."

ते घास घेऊन थांबले. "किती?"

"चार पानं काढली तर बरं व्हईल."

त्यांनी त्या रात्री भात घेतला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुस्तकाची एक प्रत घेऊन पेन्सिल लावून बसलेले मी पाहिले. दोन पानं काढली म्हणाले, चार होत नाहीत.

ते बदलले असं मी म्हणणार नाही. अजून डाळीला मीठ किती ते सांगतात. अजून मी कुठं निघाले की घड्याळ बघतात. मी आता आधी सांगते आणि निघते, आणि ते माझ्या पाठीमागं काहीतरी बोलत राहतात, ते मला फाट्यावर ऐकू येत नाही. दुपारी मी माझ्या वहीत माझ्या गोष्टी लिहिते. ती वही त्यांना ऱ्हस्व-दीर्घ तपासायलासुद्धा देत नाही, याचा त्यांना फार त्रास होतो.

पहिली गोष्ट एका दिवाळी अंकाकडून परत आली. तेव्हा त्यांनी माझं सांत्वन जरा जास्तच आनंदानं केलं. दुसरी छापून आली. गोष्टीत एक नवरा आहे, जो बायकोच्या ताटातली भाकरीसुद्धा स्वतः मोडून देतो, तिला मोडता येणार नाही म्हणून. अंक घरी आला तेव्हा ह्यांनी ती अंगणात उभ्या उभ्या वाचली आणि विचारलं, हा नवरा कोण?

मी म्हणाले, तुमीच बघा वळखू येतो का.

त्यांनी संध्याकाळपर्यंत विचार केला आणि मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. शेजारी एक निवृत्त तलाठी राहतात. हे हळूच मला म्हणाले, तलाठ्याला अगदी हुबेहूब पकडलंस, पण बिचाऱ्याला कळू देऊ नको. दोन दिवसांनी तलाठ्यांची बायको वाटीभर साखर मागायला आली आणि दारात उभी राहून सांगून गेली की त्यांच्याकडंही अंक वाचला गेला, आणि त्यांच्या यजमानांना गुरुजींची फार कीव आली.

तेव्हापासून दोघं रोज सकाळी आमच्या ओट्यावर बसून चहा पितात आणि एकमेकांशी फार समजुतीनं वागतात. मी कुणालाच काही सांगितलेलं नाही.